एत्र सँ-माक्लू : माळ्यावर हाडं ठेवणारा चौक (रूआँ, फ्रान्स)

गवाक्ष (धागाकर्ता)

युरोपातल्या हाडांच्या चॅपेलांचे फोटो बहुतेकांनी पाहिलेले असतात. झेक प्रजासत्ताकातल्या सेडलेत्सचं हाडांचं झुंबर तर सारखं कुणी ना कुणी पुढे पाठवत असतं. पण ते झुंबर १८७० मधलं. श्वार्झेनबर्ग घराण्याने फ्रांतिशेक रिंट नावाच्या लाकडावर कोरीवकाम करणाऱ्या कारागिराला काम दिलं आणि त्याने आधीपासून साठलेल्या हाडांची ती आरास मांडली. मध्ययुगात अस्थिगृह रोजच्या रोज कसं चालायचं, हे त्यातून काहीच कळत नाही. ते पाहायचं असेल तर नॉर्मंडीतल्या रूआँला जावं.

रूआँच्या जुन्या भागात सँ-माक्लू नावाचं गॉथिक चर्च आहे. १४३७ मध्ये बांधायला घेतलेलं, दगडात ज्वाळा कोरल्यासारखं. पर्यटक ते पाहून कॅथीड्रलकडे वळतात. त्याच्या मागे र्‍यू मार्तँव्हिल या रस्त्यावर एक अरुंद बोळ लागतो. बोळातून आत गेलं की एकदम मोठा आयताकृती चौक. चारही बाजूंना लाकडी सांगाड्याच्या बैठ्या इमारती, मधे झाडं आणि दगडी क्रूस. आपल्याकडच्या जुन्या वाड्याच्या चौकात शिरल्यावर बाहेरचा रस्ता जसा अचानक गप्प होतो, तसंच. हीच एत्र सँ-माक्लू, म्हणजे सँ-माक्लू पॅरिशची (त्या चर्चच्या हद्दीतल्या वस्तीची) दफनभूमी होती.

१३४८ च्या प्लेगमध्ये चर्चजवळची जागा पुरेना, म्हणून ही जमीन दफनासाठी आली. वस्ती दाट. पुढे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा प्लेग आला आणि जमीन पुन्हा भरली. बाजूला विकत घ्यायला मोकळी जमीन नव्हती. मग पॅरिशने तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे मार्ग काढला : जुन्या कबरींतली हाडं वर काढायची, आणि ठेवायला चौकाभोवती इमारत बांधायची. १५२६ ते १५३३ या काळात पूर्व, पश्चिम आणि उत्तर अशा तीन बाजू उभ्या राहिल्या.

आता रचना सांगतो, कारण माझा जीव त्यातच आहे. तळमजला पूर्ण उघडा, ओसरीसारखा. दगडी खांबांची रांग, त्यावर जाडजूड लाकडी तुळया, आणि तुळयांवर माळा. हाडं जायची त्या माळ्यावर. मूळचा माळा आजच्यासारखा खिडक्या लावून बंद केलेला नव्हता, चौकाच्या बाजूने मोकळा होता. वर उतरतं छप्पर असल्याने पाऊस लागायचा नाही आणि वारा मात्र आरपार खेळायचा. जमिनीतून काढलेलं ओलसर हाड कोरडं राहायला याहून सोपी युक्ती नाही. शिवाय अंतर पाहा. खड्डा चौकात, माळा दहा-वीस पावलांवर. खोदणाऱ्याने काढलेली हाडं चौकाबाहेर न्यायचीच नाहीत. इमारतीचा नकाशा सरळ कामातून आलेला आहे.

आणि कोरीवकाम! खालच्या दगडी खांबांवर दोघादोघांच्या जोड्या होत्या : मृत्यू, आणि त्याने हाताला धरून चालवलेला माणूस. पोप, बादशहा, राजा, बिशप, कुणीच सुटलेलं नाही. ‘दाँस माकाब्र’ म्हणजे मृत्यूचं नृत्य हा विषय तेव्हा युरोपभर भिंतींवर रंगवला जायचा. दगडात, खांबोखांबी कोरलेला मात्र फारच थोड्या ठिकाणी सापडतो. आज या आकृत्या फार झिजलेल्या आहेत. चेहरे तर जवळजवळ सगळे गेलेत. १५६२ मध्ये ह्युगेनॉट प्रॉटेस्टंटांनी शहर ताब्यात घेतलं तेव्हा रूआँच्या चर्चांमधल्या मूर्तींची मोठी तोडफोड झाली होती.

लाकूड मात्र टिकलं. तुळयांवर आडव्या पट्ट्या कोरलेल्या आहेत. त्यात कवट्या, फुलीसारखी ठेवलेली हाडं, शवपेट्या, वाळूची घड्याळं, घंटा आणि कबर खोदणाऱ्याची हत्यारं : फावडी, कुदळी. मला सगळ्यात जास्त भावली ती ही हत्यारं. पोप आणि बादशहा खांबावर मृत्यूच्या हातात आहेत, आणि ज्याच्यावाचून ही जागा एक दिवस चालली नसती त्याचं फावडं त्यांच्या डोक्यावरच्या तुळईत कोरलंय.

दक्षिणेची चौथी बाजू सतराव्या शतकाच्या मध्यातली. ती हाडांसाठी बांधलीच नव्हती, गरीब मुलांच्या शाळेसाठी बांधली. म्हणजे मुलं शिकत होती आणि समोरच्या माळ्यांवर पॅरिशमधल्या आधीच्या पिढ्या होत्या. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, आणि हाच मुद्दा मला मांडायचा आहे. अस्थिगृह ही भेदरवण्यासाठी बांधलेली वास्तू नव्हती. पॅरिशच्या नेहमीच्या कारभाराचा तो भाग होता, धान्याच्या कोठाराइतकाच हिशेबाने बांधलेला.

---

शेवंता

अप्रतिम लिहिलंय. दोन शंका. एक, हाडं काढायची म्हणजे किती वर्षांनी? आणि दुसरी जरा विचित्र आहे, पण वास येत नसेल का? शाळा होती म्हणता.

---

गवाक्ष

धन्यवाद शेवंताताई. शंका मुळीच विचित्र नाही, त्या काळच्या लोकांनीही ती काढली होती.

वास हाडांना नसतो, मांसाला असतो. शरीर जमिनीतच पूर्ण विरघळायचं आणि मग कोरडी हाडं वर जायची. गरिबांना शवपेटी परवडत नसे, नुसत्या कापडात गुंडाळून पुरत, त्यामुळे ते लवकर व्हायचं. पॅरिसच्या इनोसाँ दफनभूमीची माती तर नऊ दिवसांत मांस खाते अशी आख्यायिका होती. अर्थात ही आख्यायिकाच.

किती वर्षांनी, याला एकच उत्तर नाही. जागेची निकड असेल तसं. साथीत अर्थातच लवकर.

वासाचा खरा प्रश्न असायचा तो सामूहिक खड्ड्यांचा. इनोसाँमध्ये मोठा खड्डा खणून, तो भरेपर्यंत उघडाच ठेवत. १७८० मध्ये तिथल्या दफनभूमीच्या दाबाने शेजारच्या र्‍यू द ला लँजेरीवरच्या घराच्या तळघराची भिंत फुटली. त्याच वर्षी ती दफनभूमी बंद झाली, आणि १७८५-८६ पासून तिथली हाडं रात्री गाड्यांत भरून जुन्या दगडखाणींत नेऊ लागले. तीच आजची पॅरिसची कॅटाकोम्ब्स.

इनोसाँलाही भिंतींलगत अशाच कमानी होत्या आणि कमानींच्या वर हाडांचे माळे. दक्षिणेच्या भिंतीवर १४२४-२५ मध्ये मृत्यूच्या नृत्याचं चित्र रंगवलं होतं. पुढे सगळ्यांनी ज्याचा कित्ता गिरवला, ते हे. रस्ता रुंद करायला १६६९ मध्ये ती भिंत पाडली. पॅरिसचं जवळजवळ सगळं गेलं, म्हणून तर रूआँचं इतकं मोलाचं.

---

पिंपळपान

वाचताना थोडं अवघड झालं, खोटं कशाला सांगू. आपल्याकडे तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा करतात, त्या घरातसुद्धा आणत नाहीत, झाडाला टांगून ठेवतात आणि लवकरात लवकर पाण्यात सोडतात. अस्थी राहिल्या म्हणजे जीव अडकला, असं आजी म्हणायची. इथे तर उलटच. हाडं शेकडो वर्षं डोक्यावर. यांना ते का हवं होतं?

---

नागझरी

पिंपळपान, माझ्या समजुतीप्रमाणे मुळात पुनरुत्थानाची श्रद्धा आहे. शेवटच्या दिवशी देह उठणार, तर देहाचं जे काही उरलंय ते चर्चच्या पवित्र जमिनीत असावं. म्हणून जाळायचं नाही आणि हाडं काढली तरी आवाराबाहेर टाकायची नाहीत. कॅथलिक चर्चने दहनाला परवानगी दिली तीच १९६३ मध्ये.

---

गवाक्ष

नागझरी यांनी बरोबर सांगितलंय. त्यात एकच भर : शुद्धिस्थान. मेलेला माणूस बहुधा थेट स्वर्गात जात नाही, शुद्धिस्थानात असतो, आणि मागे राहिलेल्यांच्या प्रार्थनांनी, मिस्सांनी (चर्चमधल्या उपासनाविधींनी) त्याचा तिथला काळ कमी होतो असं मानत. म्हणजे मेलेल्यांना जिवंतांची गरज आहे. हाडं रोज नजरेला पडली तर प्रार्थना विसरली जाणार नाही. इतका साधा आणि मला वाटतं फार प्रेमळ विचार होता तो. पिंपळपान, तुमच्या आजीला जीव सुटावा असं वाटत होतं. यांनाही तेच वाटत होतं, वाट वेगळी.

---

टेम्सकाठी

याच धाग्यात इंग्लंडचं सांगायला हवं, कारण तिथे ही श्रद्धाच कायद्याने काढून घेतली गेली आणि इमारतींचं काय झालं ते डोळ्यांसमोर आहे.

मध्ययुगात इंग्लंडमध्येही बऱ्याच ठिकाणी अस्थिगृहं होती. तिथली पद्धत रूआँच्या उलटी : हाडं खाली, अर्धवट जमिनीत गेलेल्या तळघरात, आणि वर चॅपेल, जिथे धर्मगुरू मृतांसाठी मिस्सा करत. प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळात शुद्धिस्थानाची शिकवणच नाकारली गेली. १५४७ च्या कायद्याने मृतांसाठी मिस्सा करणाऱ्या चॅपेलांच्या मालमत्ता जप्त झाल्या. वरचं चॅपेल निकामी झाल्यावर खालची हाडं म्हणजे नुसती अडगळ.

लंडनच्या जुन्या सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या आवारातलं अस्थिगृह १५४९ मध्ये रिकामं केलं. जॉन स्टो हा सोळाव्या शतकातला लंडनचा इतिहासकार लिहितो की हजाराहून अधिक गाड्या हाडं फिन्सबरीच्या मैदानात नेऊन टाकली. गाडीभाडं भरलेल्या माणसाकडून, रेनर वुल्फकडून, त्याने हे ऐकलं होतं. चॅपेलची घरं आणि गोदामं झाली, समोर पुस्तकविक्यांची दुकानं. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा फार वाईट वाटलं होतं. शेकडो वर्षं ज्यांच्यासाठी मिस्सा होत होत्या, त्यांचा एका वर्षात भराव झाला.

पाहण्यासारखं एक उरलंय. लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनजवळ स्पिटलफील्ड्समध्ये, बिशप्स स्क्वेअरच्या कार्यालयांच्या खाली. सेंट मेरी स्पिटल या मठाच्या रुग्णालयाचं अस्थिगृह, साधारण १३२० चं. १९९९ च्या उत्खननात सापडलं आणि नवी इमारत बांधताना जपलं. काचेतून खाली दिसतं. ऑफिसची माणसं हातात कॉफी घेऊन त्यावरून जातात, खाली फार थोडे बघतात. एकदा तरी थांबून पाहाच. हाडं तिथे आता नाहीत, दगडी तळघर आहे.

हाडांसकट राहिलेली इंग्लंडमध्ये दोनच : नॉर्थॅम्प्टनशरमधलं रॉथवेल आणि केंटमधलं हाइथ. हाइथला सेंट लिओनर्ड चर्चच्या वेदीखालच्या तेराव्या शतकातल्या कमानदार वाटेत हजारेक कवट्या फळ्यांवर मांडलेल्या आहेत.

---

गवाक्ष

टेम्सकाठी, फारच सुंदर प्रतिसाद. खाली हाडं, वर चॅपेल ही रचना ऑस्ट्रियातही सर्रास आहे. तिथे त्याला ‘कार्नर’ म्हणतात. बऱ्याचदा गोल, रोमनेस्क शैलीची, चर्चपासून सुटी उभी छोटी इमारत. व्हिएन्नाजवळ ट्युल्न आणि म्योडलिंगला पाहता येईल. वरचं चॅपेल पुष्कळदा संत मायकेलचं असतं, कारण आत्म्यांचा तोल करणारा देवदूत तोच.

---

आल्प्सवेडी

ऑस्ट्रियाचं नाव निघालंच आहे तर हालश्टाट! मी बरीच वर्षं साल्झबुर्गच्या बाजूला राहते, त्यामुळे राहवत नाही.

गाव म्हणजे तळं आणि कडा यांच्यामध्ये चिकटलेली पट्टी. दफनभूमी वाढवायला जागाच नाही. म्हणून कबर दहा-पंधरा वर्षांनी उघडत आणि पुढच्याला देत. काढलेली कवटी स्वच्छ करून कित्येक आठवडे उघड्यावर ठेवत, ती उन्हाने हस्तिदंती पांढरी होई. मग त्यावर रंगवत : नाव, मृत्यूचं साल, ओकची किंवा आयव्हीची पानं, गुलाब. संत मायकेल चॅपेलच्या खालच्या खोलीत अशा बाराशेच्या आसपास कवट्या आहेत, त्यातल्या ६१० रंगवलेल्या. एका घराण्याच्या शेजारी शेजारी ठेवलेल्या.

शेवटची १९९५ मध्ये ठेवली. १९८३ मध्ये वारलेल्या एका बाईंची, त्यांची स्वतःचीच तशी इच्छा होती. म्हणजे हे फार जुनं नाही हो. माझ्या शाळेच्या वयातलं आहे. दहन वाढलं तसं हे आपोआप थांबलं.

आत गेल्यावर मला भीती अजिबात वाटली नाही. नावं वाचत राहिले. रूआँच्या माळ्यावर पॅरिशचे सगळे मिसळून गेले होते, इथे प्रत्येकाला आपलं नाव आहे. गवाक्ष, हा फरक तुम्हाला कसा वाटतो?

---

गवाक्ष

मोठा फरक आहे, आणि त्यात काळाचा भाग आहे. कवट्या रंगवायची हालश्टाटची प्रथा अठराव्या शतकातली. मध्ययुगात सामान्य माणसाच्या कबरीवरसुद्धा नाव नसायचं, मग हाडावर कुठून. तो पॅरिशचा होता एवढं पुरत होतं. पुढे माणसाला आणि त्याच्या घरच्यांना ‘मी’ वेगळा उरावासा वाटू लागला. फ्रान्समध्ये याचा पुरावा ब्रिटनीत मिळतो. सँ-पोल-द-लेओंच्या कॅथीड्रलमध्ये लहान लाकडी पेट्या आहेत, पक्ष्यांच्या घरट्यांना करतात तशा उतरत्या छपराच्या. पुढे भोक, आत कवटी, आणि बाहेर लिहिलेलं : येथे अमक्याचं मस्तक आहे.

खरं सांगायचं तर मला रूआँचं मिसळून जाणं जास्त जवळचं वाटतं. पण हालश्टाटच्या बायकापुरुषांनी आपल्या आईची कवटी हातात घेऊन त्यावर फुलं काढली, त्यापुढे माझ्या आवडीनिवडीला अर्थ नाही.

---

वसईचा_वारा

मी वसईचा कॅथलिक. हे सगळं वाचताना लांबचं वाटलंच नाही. आमच्याकडे आणि मुंबईच्या पुष्कळ पॅरिशमध्ये कबर कायमची नसते, जागाच कुठे आहे. काही वर्षांनी कबर उघडतात, अस्थी काढतात आणि भिंतीतल्या छोट्या कप्प्यात ठेवतात. त्याला आम्ही निश म्हणतो. वर संगमरवराची फरशी, नाव, तारखा, कधी फोटो. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळं गाव सिमेटरीत असतं. मेणबत्त्या, झेंडूची फुलं, फादर कबरींवर आशीर्वादाचं पाणी शिंपडतात.

माझ्या आजोबांच्या अस्थी काढल्या तेव्हा घरचं कुणीतरी हजर राहावं लागतं म्हणून मी गेलो होतो. आधी पाय जड झाले होते. पण खणणाऱ्या मामांनी इतक्या हळुवारपणे एकेक हाड कापडावर ठेवलं की मन शांत झालं. गवाक्षभाऊ, तुम्ही तुळईवरच्या फावड्याबद्दल लिहिलंत ना, ते वाचून मला ते मामाच दिसले.

---

शेवंता

वसईचा_वारा, तुमचा प्रतिसाद वाचून डोळ्यांत पाणी आलं.

---

पिंपळपान

माझंही अवघडलेपण बरंच गेलं. पण एक विचारायचंय. रूआँच्या त्या हाडांचं पुढे झालं काय? आणि आता तिथे काय आहे?

---

गवाक्ष

हे लिहायचं राहिलंच.

अठराव्या शतकात फ्रान्सभर शहरातल्या दफनभूम्यांविरुद्ध मत तयार झालं. दूषित हवेने रोग पसरतो असं वैद्य सांगत होते. १७७६ मध्ये राजाची आज्ञा निघाली, चर्चच्या आत पुरण्यावर बंधनं आली आणि दफनभूम्या वस्तीबाहेर न्यायचं धोरण ठरलं. सँ-माक्लूची दफनभूमी १७८० च्या सुमारास बंद झाली आणि मृतांना शहराबाहेर मों-गार्गांच्या टेकडीवरच्या नव्या दफनभूमीत नेऊ लागले. माळे तर त्याआधीच रिकामे होत गेले होते. शाळा वाढली, वर्गांना जागा हवी होती, म्हणून माळ्याच्या खांबांमधली मोकळी जागा भरून खिडक्या बसवल्या. आज जी वरच्या मजल्याची खिडक्यांची ओळ दिसते ती यातूनच आली. शाळेने घेतली म्हणून इमारत वाचली, असं माझं ठाम मत आहे. रिकामी राहिली असती तर एकोणिसाव्या शतकात कुणीतरी नक्की पाडली असती.

१८६२ मध्ये तिला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला, १९२७ मध्ये नगरपालिकेने विकत घेतली, आणि १९४० पासून २०१४ पर्यंत तिथे कलाशाळा होती. पुढे मोठं जीर्णोद्धाराचं काम होऊन २०२० मध्ये पुन्हा उघडली. आता मातीकाम-काचकामाचं प्रदर्शन आणि एक उपाहारगृहही आहे.

---

खडीसाखर

उपाहारगृह? जिथे प्लेगचे हजारो लोक पुरले त्या चौकात बसून जेवायचं? मला हे पटत नाही. इतका चांगला धागा, पण शेवटी सगळं पर्यटनावरच येतं. मेलेल्यांची काही मर्यादा ठेवायला नको का?

---

गवाक्ष

खडीसाखर, तुमची भावना समजते आणि मी ती हलक्यात घेणार नाही. सेडलेत्सला लोक कवट्यांबरोबर स्वतःचे फोटो काढू लागले, म्हणून २०२० पासून तिथे विनापरवाना फोटो काढायला बंदी केली. योग्यच केलं.

पण रूआँबद्दल माझं मत वेगळं आहे. मध्ययुगात दफनभूमी ही शहरातली मोकळी जागा होती. इनोसाँच्या कमानींखाली फेरीवाले आणि पत्र लिहून देणारे बसत. माणसं तिथे भेटत, सौदे करत, प्रवचनं ऐकत. कुंपण घालून, कुलूप लावून मृतांना वेगळं ठेवणं ही नंतरची रीत. चौकात कुणी शांतपणे बसून जेवत असेल, तर त्या जागेच्या जुन्या वागण्याशी ते जुळतं. कर्कश संगीत लावलं तर मात्र मी तुमच्या बाजूने.

---

वसईचा_वारा

खडीसाखर, मृतांच्या दिवशी आमच्या सिमेटरीबाहेर चणे-शेंगदाणे विकणारे असतात, पोरं खेळत असतात. कुणी अपमान मानत नाही.

---

टेम्सकाठी

पुढच्या वसंतात आम्ही गाडी घेऊन नॉर्मंडी-ब्रिटनी करायचं म्हणतोय. गवाक्ष, ब्रिटनीतली अस्थिगृहं कुठली चुकवू नयेत?

---

गवाक्ष

रूआँला सकाळी लवकर जा. ऊन तिरपं असताना तुळयांवरचं कोरीवकाम उठून दिसतं, दुपारी सपाट वाटतं.

ब्रिटनीत मोर्ले आणि लांदेर्नोच्या मधला टापू घ्या. तिथे चर्च, दगडी क्रूसशिल्प, कमानीचं प्रवेशद्वार आणि अस्थिगृह, सगळं एका कुंपणात असतं. लिननच्या कापडाच्या व्यापाराने ही छोटी गावं सोळाव्या-सतराव्या शतकात श्रीमंत झाली होती आणि तो पैसा त्यांनी दगडात घातला. सिझाँचं अस्थिगृह १५८० च्या दशकातलं आहे, दर्शनी भागावर येशूचे बारा प्रेषित. सँ-तेगोनेकचं सर्वात भव्य, १६७६ ते १६८२. मला ते जरा जास्तच सजवलेलं वाटतं, पण पाहा. आणि ला रोश-मोरिसला नक्की थांबा. तिथल्या १६४० च्या सुमाराच्या अस्थिगृहावर आंकू कोरलाय. आंकू म्हणजे ब्रेटन लोकांचा मृत्यूचा दूत. हातात भाला, शेजारी शेतकरी, बाई, वकील, बिशप, श्रीमंत अशी ओळ, आणि त्याच्या तोंडी एकच वाक्य : ‘मी तुम्हा सर्वांना मारतो.’

सिझाँ आणि ला रोश-मोरिस एका दिवसात आरामात होतात. सँ-पोल-द-लेओं दुसऱ्या दिवशी ठेवा, ते उत्तरेला समुद्राकडे आहे. कॅथीड्रलमधल्या त्या कवट्यांच्या पेट्या मुद्दाम शोधाव्या लागतात, वेदीकडे जाताना बाजूच्या कोनाड्यांवर नजर ठेवा.

---

टेम्सकाठी

लिहून घेतलं. परत आले की सिझाँच्या प्रेषितांचे आणि आंकूचे फोटो याच धाग्यात टाकते.